वकील मूळचे कुठले?

सकपाळ वकील प्रथम माझ्या घरी आले, तेव्हा चहा पिण्यापूर्वी त्यांनी कप डोक्याच्या उंचीवर धरला आणि खालून त्याचे बूड वाचले. कप भरलेला होता. चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. सदऱ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"कप आपल्याकडचा आहे," ते समाधानाने म्हणाले. "बशी मात्र बाहेरची. जोडी मागाहून जमवलेली दिसते."

माझ्या पत्नीने हे स्वयंपाकघरातून ऐकले. ती बशी तिच्या माहेरची होती. त्या दिवसापासून वकिलांना आमच्याकडे चहा स्टीलच्या पेल्यातून मिळू लागला. पेलाही त्यांनी उलटा करून पाहिला. पण आधी चहा पिऊन संपवण्याची शिस्त तोवर त्यांना लागली होती.

मी महाडच्या न्यायालयात नाझर होतो. जप्तीच्या वस्तू सांभाळणे आणि समन्स वेळेवर पोहोचतात की नाही हे पाहणे, यात माझी नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या उतारावर असलेल्या आमच्या वाडीत परत आलो. फार बोलणारी माणसे मला आवडत नाहीत. सकपाळ वकील फार बोलतात, आणि त्यांचे घर माझ्या घराला लागून आहे. यात माझा दोष नाही.

वकील म्हटले की आमच्या भागात बांधाचा वाद, जमिनीची वाटणी किंवा मारामारी आठवते. सकपाळ वकिलांनी उभ्या आयुष्यात यांपैकी एकही खटला चालवला नाही. ते सीमाशुल्काचे वकील. परदेशातून जहाजाने माल येतो आणि बंदरावर अडतो. तो माल नेमका काय आहे आणि मूळचा कोणत्या देशाचा आहे, यावर त्याचे शुल्क ठरते. सरकार एक म्हणते, व्यापारी दुसरे म्हणतो. त्या दोघांच्या मध्ये उभे राहून वकिलांनी मुंबईत सारी हयात घालवली. पुढे देशादेशांतली व्यापाराची भांडणे वाढली, तेव्हा परदेशातल्या सुनावण्यांनाही त्यांना बोलावणी येऊ लागली.

त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत पाठीवरून खोकी वाहत. खोक्यांत काय आहे हे त्यांना जन्मात कळले नाही. "बापानं जे न बघता वाहिलं, ते मी उघडून बघितलं. आमच्यात फरक एवढाच," असे वकील सांगतात. हे वाक्य प्रथम ऐकले तेव्हा मला बरे वाटले होते. नंतर ते पुष्कळदा ऐकावे लागले.

वाडीला त्यांचा व्यवसाय कधीच समजला नाही. कस्टम म्हणजे पकडलेली घड्याळे, एवढेच लोकांना ठाऊक. शिमग्याला वकील मुंबईहून दोन दिवसांसाठी येत, तेव्हा एखादा मनुष्य कडेकडेने जवळ येई आणि हळूच विचारी, "वकील, यंदा येखादा रेडिओ नाय का सुटला?" वकील त्याला ओट्यावर बसवून शुल्काचा कायदा मुळापासून समजावून सांगत. तो मनुष्य पुढच्या शिमग्याला दुसऱ्या वाटेने देवळात जाई.

त्यांच्या गाजलेल्या खटल्यात वादाचा विषय साबण होता. तो हत्तीच्या आकाराचा होता, त्याला सोंड होती आणि डोळे रंगवलेले होते. सरकारचे म्हणणे, हे खेळणे आहे. खेळण्यांवर शुल्क जास्त. वकिलांनी भर सुनावणीत पाण्याचा तांब्या मागवला, हत्तीला हातात घेतले आणि सर्वांदेखत कोपरापर्यंत हात धुतले. मग ओले हात वर करून ते म्हणाले, "महोदय, खेळण्यानं मळ जात नाही." ते खटला जिंकले. हत्तीची सोंड मात्र झिजली. तो साबण अजून त्यांच्या कपाटात आहे आणि पाहुण्याला तो पाहावाच लागतो.

हा सारा व्यवसाय निवृत्तीबरोबर संपायला हवा होता. तसे झाले नाही. सोडवायला माल उरला नाही, म्हणून वकील आता दिसेल ती वस्तू अडवतात. "हे नेमकं काय आहे? आणि मूळ कुठलं?" हे दोन प्रश्न त्यांच्या तोंडी सतत असतात.

एकदा आम्ही दोघे महाडच्या बाजारात गेलो होतो. तेथे एक बाई इरली विकत होती. इरले म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते आच्छादन, जे डोक्यावरून पाठीवर घेऊन बायका पावसात लावणी करतात. वकील थांबले. त्यांनी इरले उचलले, आतून पाहिले, बाहेरून पाहिले.

"डोक्यावर घेतात म्हणून ही टोपी म्हणायची, पाऊस अडवतं म्हणून छत्री म्हणायची, की पाठ झाकतं म्हणून कपडा?" त्यांनी बाईला विचारले.

बाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "तुमाला घ्यायचं हाय का भिजायचं हाय?"

त्यांनी इरले विकत घेतले. ते अजून त्यांच्या भिंतीवर टांगलेले आहे. वर्गीकरण निश्चित होईपर्यंत वस्तू वापरात आणणे योग्य नाही, असे त्यांचे मत पडले. तो संपूर्ण पावसाळा वकील भिजत हिंडले.

परतीच्या गाडीत कंडक्टरने त्यांना विचारले, "कुठून?"

"मूळचा विचारता, की चढलो तिथला?"

"आजोबा, मागं गर्दी हाय. तिकीट कुठलं देऊ येवढं बोला."

मी दोघांचे तिकीट काढले आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. सावित्री नदीला पाणी चांगले होते.

वाडीत त्यांना पुरून उरणारी एकच व्यक्ती आहे. ती पारूबाई. तिचे घर आमच्या दोघांच्या समोर. वकिलांचा दोन वेळचा डबा तिच्याकडून येतो. तिने एकदा कोवळ्या फणसाची भाजी पाठवली. वकील डबा हातात घेऊन तिच्या अंगणात गेले.

"पारूबाई, कोवळा असतो तेव्हा फणस भाजी. पिकला की फळ. हे मान्य. पण मधल्या अवस्थेत तो काय?"

"मदल्या अवस्तेत झाडावर," पारूबाई म्हणाली. "जेवा आता. गार होतंय."

वकील परत येताना मला म्हणाले, "हिला मी साक्षीदार म्हणून कधी उभं केलं नसतं. उलटतपासणी आपलीच व्हायची."

त्यांचा आनंदही त्यांच्या धंद्याच्या भाषेतच प्रकट होतो. माल बंदरावर अडकून राहणे, हे त्यांच्या लेखी जगातले सर्वात मोठे दुःख. आणि तो सुटणे, हे सर्वात मोठे सुख. पारूबाईच्या सुनेला महाडच्या दवाखान्यात नेले, तेव्हा दिवसभर वकील वाटेवर उभे होते. पारूबाई रिक्षातून उतरताच त्यांनी विचारले, "सुटला का माल?"

"मुलगी झाली वो," ती म्हणाली. "माल काय म्हंता?"

"सुटला!" वकील आभाळाकडे पाहून ओरडले. वाडीतली कुत्री भुंकू लागली.

माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पट्टी असेपर्यंत ते रोज सकाळी येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवत. आयात-निर्यातीच्या बातम्या आधी, मृत्यूच्या नंतर. पट्टी निघाली आणि मी दारात उभा राहून त्यांना ओळखले, तेव्हाही ते ओरडलेच. मला तसे बोलता येत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या वाडीची देवी वाघजाई. शिमग्याला तिची पालखी निघते. पालखी सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या चौथऱ्यावर बसते आणि तेथून घरोघर जाते. ज्या दारात ती थांबते, त्या घरची बाई देवीची ओटी भरते. परंतु पालखी जाते ती केवळ गाववाल्यांच्या दारात. मुंबईवाल्यांनी सहाणेवर यायचे, रांगेत उभे राहायचे आणि तेथेच ओटी भरायची. निम्मी वाडी मुंबईत असते. बंद घरांच्या दारांत पालखी नाचवण्याइतके खांदे आता उरलेले नाहीत, म्हणून फार पूर्वी हा नियम झाला. नियम म्हणून मला तो पटतो.

वकिलांच्या पत्नीला मी त्या रांगेत अनेक वर्षे पाहिले होते. ठेंगण्या, शांत बाई. हातात खण आणि नारळ. त्यांच्याभोवती मुंबईच्या बायका मोबाइलवर फोटो काढत; त्या मात्र देवीकडे पाहत उभ्या असत. त्यांचे नाव मला माहीत नव्हते. वाडी त्यांना वकिलीणबाई म्हणे, आणि बायकोचे नाव चारचौघांत घेण्याची वकिलांच्या पिढीला सवय नाही. त्या मुंबईतच वारल्या. त्यानंतर वर्षभरातच वकिलांनी तिकडचे बिऱ्हाड मोडले आणि ते वाडीत कायमचे राहायला आले.

आल्यानंतरचा पहिला शिमगा जवळ आला. त्याआधी देवळात गावकीची बैठक भरली. पालखीची घरे ठरवायची होती. गावकीचे अध्यक्ष तुकारामअण्णा. ते आणि वकील पोलादपूरच्या शाळेत एकाच वर्गात होते. वकील वर्गात पहिले येत. तुकारामअण्णा वर्गात येत नसत. मैत्री त्यामुळे टिकली असावी.

वकील उठून उभे राहिले. कोट घालून आले होते. "पालखी माझ्या दारात यावी, असा माझा विनंतीअर्ज आहे," ते म्हणाले.

देवळात कुजबुज झाली. तुकारामअण्णांनी पायाची घडी बदलली. "वकील, तुमचं घर मुंबईवाल्यांत हाय. बापाच्या वक्तापासून."

"तोच प्रश्न आहे. मी गावचा की मुंबईचा? हे ठरवण्याचा एक शास्त्रशुद्ध मार्ग आहे. मला थोडा वेळ द्या."

"थोडाच द्या रे," कोणीतरी मागून म्हणाले.

वकिलांनी खिशातून चष्मा काढला. त्यांचा चेहरा उजळला होता. पुष्कळ दिवसांनी त्यांना न्यायासन मिळाले होते, मग त्यावर कांबळे अंथरलेले का असेना. त्यांनी सांगितले, की वस्तूचे मूळ ठरवणे ही फार नाजूक बाब आहे. लोकर एका देशातली असते. तिचे कापड दुसऱ्या देशात विणतात. कोट तिसऱ्या देशात शिवतात. मग कोट कुठला? लोक म्हणतील, लोकरीचा देश. चूक! जिथे वस्तूचे रूप शेवटचे आणि खरेखुरे पालटले, तिथली ती वस्तू. त्यांनी आपल्या अंगावरचा कोट पुढे धरून दाखवला. हे तत्त्व आपण कोठे मांडले, समोर कोण होते, ते कसे निरुत्तर झाले, हे सर्व त्यांनी सांगितले. मंडळी ऐकत राहिली. खरोखर, माणूस बोलत छान होता.

तुकारामअण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे जिथं पालटलं, तिथला माल?"

"अगदी बरोबर."

"हितं व्हता तवा तुमी गुरं राखायचा. माज्यासंगं."

"होय."

"मग वकील कुठं झालात?"

वकिलांनी तोंड उघडले आणि तसेच ठेवले. मी न्यायालयात पुष्कळ चेहरे पाहिले आहेत. स्वतःच्या साक्षीदाराने बुडवलेला वकील मी ओळखतो. येथे साक्षीदार आणि वकील एकच होता.

"मुंबईत," ते म्हणाले.

"मंग तुमच्या कायद्यानं तुमी मुंबईचा माल." देवळात हशा पिकला. तुकारामअण्णा हसले नाहीत. त्यांनी आवाज उतरवला. "ह्ये बगा, आमचा कायदा साधा हाय. ज्याची चूल गावात पेटते, तो गावचा. गॅस आमच्याकडं पन हाय, पन भाकरीला नि न्हानीच्या पान्याला चूल पेटतेच. तुमच्या घरातनं धूर निगालेला कुनी पायलाय का? डबा पारूकडनं येतो, च्या विजंवर व्हतो. नि ओटी कोन भरनार? घरात बाईमानूस नाय."

येथे वकील काही सांगतील असे मला वाटले. त्यांनी ओठ हलवलेही. पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"युक्तिवाद बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले.

बैठक संपल्यावर आम्ही बरोबर परतलो. ते संपूर्ण वाटभर गप्प होते. मी आयुष्यभर ज्या शांततेची इच्छा धरली, ती मला त्या वाटेवर मिळाली, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

"तुम्ही आणखी काही सांगणार होता," मी शेवटी म्हणालो.

"ते पुराव्यात बसत नव्हतं," ते म्हणाले, आणि आपले फाटक लावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारूबाईची आरोळी ऐकू आली. "आग लागली गो! वकिलांच्या घराला आग!"

सगळे धावले. कोणी कळशी घेतली, कोणी बादली. वकिलांच्या कौलांतून, खिडक्यांतून, दारातून, जिथे फट होती तिथून धूर निघत होता. तुकारामअण्णा नांगराची दुरुस्ती सोडून आले होते. इतक्यात दारातून वकील बाहेर पडले. डोळ्यांतून पाणी, कपाळाला काजळी, हातात फुंकणी.

"आग नाही," ते खोकत म्हणाले. "चूल आहे."

पारूबाईने कळशी खाली आपटली. "अवो, जीव घ्याल येका दिवशी!"

"वकील," तुकारामअण्णांनी विचारले, "ह्ये काय? निकाल फिरवायचा हाय?"

"निकाल झाला. त्यावर अपील नाही," वकील म्हणाले. "मी पुढच्या वर्षाची तयारी करतो आहे."

पुढच्या वर्षाची! वकील माझ्याहून मोठे आहेत, आणि या वयात मनुष्य पुढच्या वर्षाविषयी बोलताना थोडे जपून बोलतो. त्यांनी ते वाक्य सुनावणीची तारीख सांगावी तसे सांगितले. बादल्या घेऊन आलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले.

तुकारामअण्णा आत गेले. मीही मागोमाग गेलो. माजघराच्या कोपऱ्यात तीन दगड मांडलेले होते, आणि त्यांत मांडीएवढे ओले ओंडके कोंबलेले होते. अण्णांनी ते एकेक करून बाहेर फेकले.

"ह्ये लाकूड नाय, ह्ये झाड हाय. आदी काटक्या घालायच्या."

"काटकी आणि लाकूड, यांतली सीमारेषा नेमकी कुठे?" वकिलांनी विचारले. डोळे अजून वाहत होते.

"पेटली की काटकी. नाय पेटलं की लाकूड."

वकिलांनी मान हलवली. व्याख्या त्यांना पटलेली दिसली. अण्णांनी उकिडवे बसून चूल पेटवून दिली, आणि जाताना ओट्यावरून ओरडून सांगितले, "राख रोज काढा. नि कोट काढून फुंका."

त्यानंतर रोज सकाळी वकिलांच्या घरातून धूर निघू लागला. पहिल्यांदा काळा, मग करडा. त्यावर ते पाणी तापवत, आणि पारूबाईच्या शिकवणीखाली भाकऱ्या थापत. ती भाकरी मी खाल्ली आहे. ती शुल्काच्या यादीत कोणत्या शीर्षाखाली येते, हे मी विचारले नाही. बांधकाम साहित्य असे उत्तर आले असते, तर मला हसू आवरले नसते.

शिमगा आला. मुंबईवाले आले, गाड्यांनी वाट भरून गेली. पालखी सहाणेवर बसली, मग घरोघर निघाली. दुपार कलती झाली तेव्हा ती आमच्या आळीत शिरली. पुढे खालू बाजा वाजत होता, गुलाल उडत होता. पालखीच्या पुढच्या दांडीला तुकारामअण्णांचा खांदा होता.

माझ्या दारात पालखी नाचली. माझ्या पत्नीने ओटी भरली. आता पालखी वकिलांच्या घरावरून पुढे पारूबाईकडे जायची होती. वकिलांनी आपल्या दारात रांगोळी काढली नव्हती. अंगण मात्र सारवलेले होते; ते रोजच असे. ते फाटकाच्या आत, अगदी कडेला, हात जोडून उभे होते. पालखी समोरून जाताना दर्शन घ्यायचे, एवढाच त्यांचा बेत दिसत होता.

पालखी त्यांच्या फाटकासमोर आली आणि थांबली. पुढची दांडी डावीकडे वळली. मागचे भोई अडखळले.

"अण्णा, कुठं?" मागून एकाने विचारले.

"मला काय इचारतोस? देवी वडते हाय."

"गावकीनं ठरवलं व्हतं ना..."

"ठरवलं त्ये गावकीनं. आता आईच वळली, तर मी काय करू? म्हातारा मानूस मी. खांद्याला झेपत नाय."

आदल्याच आठवड्यात हा म्हातारा मनुष्य त्याच खांद्यावरून सागाचा वासा ओढ्यापलीकडून घेऊन आला होता. मी ते पाहिले होते. मी साक्ष दिली नाही. कोणी मागितली नाही.

हरकत घेतली ती एकट्या वकिलांनी. ते दोन्ही हात पसरून फाटकात आडवे उभे राहिले.

"थांबा! निकाल माझ्या विरुद्ध झाला आहे. पालखी पुढे न्या. हे नियमबाह्य आहे!"

"वकील, देवीशी भांडता?" अण्णा गरजले. "सरका!"

"पण तुकाराम, मी मुंबईचा माल..."

"गप रवा वो!" पारूबाई गर्दीतून पुढे आली आणि तिने वकिलांना दंडाला धरून बाजूला केले. "पालखी दारात हाय नि ह्ये कोरट लावून बसलेत."

पालखी अंगणात आली. मग खरी धांदल उडाली. माझ्या पत्नीने आमचा पाट आणि सुपात तांदूळ आणले. कोणी नारळ दिला. पालखी पाटावर टेकली. बाजा थांबला. पारूबाईने पदर खोचला.

"ओटी मी भरते. खण हाय का घरात? काय तरी कापड?"

वकील आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांवर मलमलीत गुंडाळलेली साडी होती. हिरवी, तांबड्या काठाची. कित्येक वर्षे घडी मोडली नसावी; घडीच्या रेषांवर रंग किंचित उतरला होता.

पारूबाईने साडीवरून हात फिरवला. "झ्याक हाय. कुठली वो?"

हा प्रश्न तिने वकिलांना विचारला होता. सारी आळी उत्तराच्या तयारीने उभी राहिली. रेशीम कोणत्या देशाचे, रंग कोठला, विणली कोठे, काठ कोणी लावला. बाजेवाल्यांपैकी एकाने तर ढोल खाली ठेवला.

वकिलांनी साडीकडे पाहिले.

"मालतीची," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नीचे नाव मी तेव्हा प्रथम ऐकले. वाडीतल्या बहुतेकांनी तेव्हाच ऐकले असावे.

"दर वर्षी इथे आणायची आणि परत न्यायची," वकील खालच्या आवाजात म्हणाले. "रांगेत नाही द्यायची म्हणायची. एकदा आपल्या दारात."

पारूबाईने नाक ओढले. मग तिने साडी दोन्ही हातांत घेतली, तिच्यावर नारळ ठेवला आणि तांदळाची ओंजळ भरली. "ह्ये घे गो आये," ती देवीला म्हणाली. "मालतीबायची ओटी हाय. तिच्या दारातली हाय. घे."

गुलाल उडाला. बाजा पुन्हा सुरू झाला. पालखी त्या अंगणात नाचली, आणि माझ्या अंगणात नाचली होती त्यापेक्षा अधिक वेळ नाचली. हेही मी नोंदवतो, तक्रार म्हणून नव्हे. वकील पाटाशेजारी उभे होते. टक्कल गुलालाने भरले होते. 

तुकारामअण्णांनी दांडी पुन्हा खांद्यावर घेतली. झेपत नसलेल्या खांद्यावर ती अलगद बसली. त्यांनी मान वळवली.

"सुटला ना माल, वकील?"

वकिलांनी मान हलवली. तीन-चार वेळा हलवली.

"मग उचला रे," अण्णा म्हणाले. "पुढं घरं हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून नेहमीप्रमाणे धूर निघाला. थोड्या वेळाने ते माझ्याकडे आले. कानामागे अजून गुलाल होता. पत्नीने त्यांना चहा दिला. पेल्यातून नव्हे; बऱ्याच काळानंतर तिने ती कपबशी बाहेर काढली होती. वकिलांनी चहा संपवला, कप उलटा केला, मग बशी उलटी केली आणि तिच्याकडे पाहत राहिले.

"ही बशी किती वर्षं आहे या घरात?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने विचारले.

"लग्नात आणलेली," आतून उत्तर आले. सुरात थोडी धार होती.

वकिलांनी बशी सुलट करून कपाखाली ठेवली.

"मग इथलीच," ते म्हणाले.